साडेनऊ किलोंचे गाणे

दिवाळी जवळ आली की बायकांना चकलीची भाजणी आठवते, मुलांना फटाके आठवतात आणि मला रद्दीवाला आठवतो. आमच्या घरात याला ‘बाबांचा आजार’ असे नाव आहे. दर आठवड्याला हे सदर वाचणाऱ्यांना त्या आजाराची लक्षणे थोडीफार ठाऊक आहेतच. पण दिवाळी अंकासाठी संपादकांनी या खेपेस जरा ऐसपैस जागा दिली आहे, तेव्हा त्याची साद्यंत हकीकत आज सांगूनच टाकतो.

दसरा ते धनत्रयोदशी हा आम्हा जुनेबाजारी मंडळींचा सुगीचा काळ. घरोघरचे माळे याच दिवसांत उपसले जातात. आजोबांची ट्रंक खाली येते, तिच्यावरची धूळ उडते, सूनबाई शिंकतात आणि ट्रंकेचा निकाल लागतो. संध्याकाळी ती आमच्या नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडे पोहोचलेली असते. मग चांदोबाचे अंक आणि शेअर बाजाराची पाने एकाच तागडीत, एकाच भावाने बसतात. तागडीला वाङ्मयाची पारख नसते, हे वाङ्मयाचे दुर्दैव आणि आमचे भाग्य! रद्दीवाल्याकडून निघालेला माल पुढे कागदाच्या गिरणीत जातो आणि तिथे त्याचा लगदा होतो. त्या ट्रंकेच्या आणि लगद्याच्या मध्ये उभा असतो तो फक्त माझ्यासारखा एखादा रिकामटेकडा.

नाक्यावर भागले नाही की शुक्रवारी मी मुंबईच्या चोरबाजारात जातो. पुण्याला गेलो तर मुक्काम असा आखतो, की बुधवार किंवा रविवार मध्ये यावा. कारण तिथला जुना बाजार त्याच दोन दिवशी भरतो. ‘भाचीच्या मुलाची मुंज नेमकी बुधवारी कशी हो निघाली?’ असा प्रश्न सौ.ने एकदा विचारला होता. त्याचे उत्तर मी अद्याप शोधतो आहे.

माझ्या संग्रहातला पहिला खण रहस्यकथांचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी एके काळी घरातल्या माणसांइतकी ओळखीची होती. मात्र ती उशीखाली आणि अभ्यासाच्या पुस्तकात दडून वावरत असत. आज त्यांच्या चांगल्या प्रती मिळत नाहीत, याचे कारण सोपे आहे. एक तर कागद स्वस्तातला. तो आपल्याच अंगच्या आम्लाने पिवळा पडतो आणि पापडासारखा तुटतो. दुसरे म्हणजे ही पुस्तके लोक विकत घेत नसत, गल्लीतल्या वाचनालयातून आणत. शंभर हातांतून गेलेल्या पुस्तकाचे पहिले आणि शेवटचे पान आधी जाते. खुनी कोण हे कधीही न कळणाऱ्या अकरा कादंबऱ्या माझ्या कपाटात आहेत. मी त्या टाकून देत नाही. जगातल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत म्हणून आपण जग थोडेच टाकून देतो?

दुसरा खण चित्रकथांचा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये बंद पडले. ली फॉकचा १९३६ सालचा ‘फँटम’ त्यांनी मराठीत आणताना त्याचा ‘वेताळ’ केला आणि बंगालशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याच्या देशाचे नाव ‘डेंकाली’ ठेवले. आमच्या पिढीच्या कित्येकांना डेंकालीच्या जंगलातल्या वाटा भूगोलातल्या नद्यांपेक्षा अधिक पाठ होत्या. शोकिनांना या अंकांची कोरी प्रत हवी असते. मला मात्र कुणीतरी पेन्सिलीने कोडी सोडवलेला अंक अधिक आवडतो. एका अंकात उत्तर चुकलेले आहे आणि शेजारी वडिलांच्या वळणदार अक्षरात ‘पुन्हा विचार कर’ असे लिहिलेले आहे. ते कुणाचे वडील, कुणाचा मुलगा, मला ठाऊक नाही. पण त्या मुलाने पुन्हा विचार केला की नाही, याची मला अधूनमधून काळजी वाटते.

चार वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा हा आजार तिथेही उफाळला. तिकडे प्रत्येक गावात धर्मादाय दुकाने असतात. लोक आपले जुने सामान तिथे फुकट नेऊन देतात, निवृत्त बायाबापडे बिनपगारी दुकान सांभाळतात आणि विक्रीचा पैसा सत्कार्याला जातो. ऑक्सफॅम या संस्थेने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४७-४८ च्या सुमारास थाटलेले दुकान या परंपरेतले एक जुने घर. तिथे मला पेंग्विनची जुनी पुस्तके भेटली. ॲलन लेनने १९३५ मध्ये सहा पेन्सांना एक या भावाने ती काढली : कादंबरीला नारिंगी पुठ्ठा, रहस्यकथेला हिरवा. दोन वर्षांनी निघालेल्या त्यांच्या निळ्या ‘पेलिकन’ मालेच्या पहिल्या संपादकांत आपले व्ही. के. कृष्ण मेनन होते, हे कळल्यावर मी अभिमानाने सहा पेलिकन घेतली. विमानतळावर वजनकाट्यापुढे तो अभिमान दोन पुस्तकांइतका कमी करावा लागला.

आता तिसऱ्या खणाकडे येतो. खरे म्हणजे तिथे यायचे मी इतका वेळ टाळत होतो.

हा खण तबकड्यांचा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, काळ्या, जड आणि कमालीच्या ठिसूळ. त्या लाखेच्या असत. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरचे किडे जी लाख तयार करतात, तीच. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून ही तबकडी होई. त्या पुडीवर पोलादी सुई घासून झिजते, म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची. एका बाजूवर गाणे जेमतेम सव्वातीन मिनिटे. दोन-दोन तास राग आळवणाऱ्या गवयांनी त्या सव्वातीन मिनिटांत आपली विद्या कशी बसवली असेल! १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून ती गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगून मोकळी होई. आणि भास्करबुवा बखल्यांसारखा गवई १९२२ मध्ये गेला तो एकही तबकडी मागे न ठेवता. जे उरले त्याचे मोल कळायला जे गेले ते आठवावे लागते.

तबकड्या पुसण्याबद्दल एक अनुभवाचा बोल सांगून ठेवतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये. मी लावले. स्पिरिटात लाख विरघळते, हे मला हिराबाई बडोदेकरांच्या एका सुरेख तबकडीने शिकवले. आता तिच्यातून पापड तळल्याचा आवाज येतो. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडके आणि मधल्या कागदाला ओल लागू न देणे, एवढेच पुरे. आणि त्या एकावर एक रचू नयेत. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात.

माझ्या वडिलांनी त्या तशाच ठेवल्या होत्या. गिरगावातल्या दोन खोल्यांत, चावीच्या ग्रामोफोनशेजारी, अठ्ठेचाळीस तबकड्या. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की ते बालगंधर्वांचे एक पद लावीत. त्या तबकडीला एक चरा होता. ऐन तानेत सुई अडके आणि तेच दोन सूर पुन्हा पुन्हा येत राहत. मग वडील खुर्चीतून उठत, बोटाने सुईला हलकी टिचकी मारीत आणि म्हणत, “चला, फराळाला बसा.” आमची दिवाळी त्या टिचकीपासून सुरू होई.

१९७७ मध्ये वडील गेले. १९७९ मध्ये आम्ही गिरगाव सोडून उपनगरात जागा घेतली. मी नुकताच टेपरेकॉर्डर आणला होता. नव्या घरात जुनी अडगळ नको, असा माझा बाणा होता. सौ. म्हणाली होती, “अहो, एक तरी ठेवा.” मी ऐकले नाही. भंगारवाल्याने ग्रामोफोन नुसता उचलला आणि तबकड्या काट्यावर घातल्या. साडेनऊ किलो भरल्या. किती पैसे मिळाले ते मी विसरलो, वजन मात्र विसरता आले नाही.

माझ्या आजाराचे निदान हे असे आहे. लोकांना वाटते, मी जुन्या वस्तू जमवतो. मी एक वस्तू शोधत होतो. बाकीच्या वाटेत भेटल्या.

गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या शुक्रवारी ती मला चोरबाजारात भेटली. तेच पद, तोच आवाज. दुकानदाराने सांगितलेल्या भावात मी घासाघीससुद्धा केली नाही, त्यामुळे तोच बिचारा संशयाने माझ्याकडे पाहू लागला. घरात नवीन काही आणायचे नाही, असे माझे वचन होते. म्हणून तबकडी पिशवीत तळाशी, वर चिवड्याचे पातळ पोहे, अशी मी सोय केली. ठिसूळ वस्तूला गादीही झाली.

चतुर्दशीला पहाटे मी ती लावली. मुलगा म्हणाला, “बाबा, हे पद फोनवर आहे की. याहून स्वच्छ ऐकू येतं.” खरे आहे. मी मान डोलावली. पद पुढे सरकले, तान आली, आणि सुई कुठेही न अडकता सरळ पुढे निघून गेली. मी पाहतच राहिलो. गाणे मिळाले होते. त्यातली आमची जागा मिळाली नव्हती. ती साडेनऊ किलोंबरोबर गेली होती, आणि ती कुठल्याही बाजारात मिळणार नव्हती.

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नानंतर तिच्या वाट्याला मामंजींच्या तीनच दिवाळ्या आल्या.

“अडकली नाही?” तिने विचारले.

“नाही. ही दुसरी प्रत.”

“मग मामंजींनी उठायचं कधी?”

मला काही बोलता येईना. तिने हातातले ताट खाली ठेवले, पदर खोचला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “उठा आता तुम्हीच. आणि सगळ्यांना फराळाला बोलवा.”

मी उठलो. सुई उचलून ठेवली आणि सगळ्यांना हाक मारली. आवाज जरा बसलेला होता, पण त्याला पहाटेची थंडी कारण असावी.

या वर्षी चोरबाजारात निघालो, तेव्हा पिशवी तिनेच आणून हातात दिली. म्हणाली, “जा खुशाल. पण पोहे वेगळ्या पिशवीत आणा. गेल्या खेपेच्या चिवड्याला जुन्या ट्रंकेचा वास येत होता.”