छताचे पाणी मलवाहिनीत नको

प्रति,
मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, भंडारा;
तसेच तुमसर, पवनी व साकोली नगर परिषदांचे मा. मुख्याधिकारी

विषय : घरांच्या छतांवरील पावसाचे पाणी भुयारी गटारात सोडण्यास वेळीच आळा घालणेबाबत

महोदय,

कोणत्याही घराला भुयारी गटाराची जोडणी देण्याआधी स्लॅबवरून उतरणारा पाइप कुठे सोडला आहे, हे आपल्या माणसाने स्वतः पाहावे, ही मागणी करण्यासाठी हे पत्र. मागणी छोटी वाटेल. पण तिकडे दुर्लक्ष झाले, तर कितीही खर्चाची गटार योजना मोठ्या पावसात हात टेकते.

कवेलूची घरे होती तेव्हा वळचणीचे पाणी अंगणात पडायचे आणि तिथून नालीला लागायचे. आता स्लॅब आले, अंगणात पेव्हर ब्लॉक आले. छताच्या कोपऱ्यातून चार इंची पाइप भिंतीलगत खाली येतो. समोर नाली नसते. असली तर बुजलेली किंवा अंगणापेक्षा उंच. संडास-न्हाणीचे चेंबर मात्र हाताशी असते. मिस्त्री एक एल्बो लावतो, पाइप चेंबरच्या भिंतीत घुसवतो, वरून सिमेंट फिरवतो. घरमालकाला वाटते, काम नीट झाले. झाकण बसल्यावर ते कोणाला दिसतही नाही.

आता हिशेब मांडू. मलवाहिनी आखताना माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी धरतात. पाच माणसांच्या घरातून दिवसाला साधारण ५४० लिटर. त्याच घराचा स्लॅब हजार चौरस फुटांचा असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर छतावरून चार हजार लिटरहून जास्त पाणी उतरते. आठवडाभराचे सांडपाणी एका तासात! सकाळच्या गर्दीसाठी वाहिनीत दोन-तीन पट जागा ठेवलेली असते. हा लोंढा त्यात मावणार कसा?

मग झाकणे उचलली जातात, मैला रस्त्यावर येतो आणि सखल भागातल्या घराच्या न्हाणीतून गटार उलटे उसळते. चूक उंचावरच्या घराची, भोग खालच्या घराला. शुद्धीकरण केंद्रात मैला पचवणारे जिवाणू असतात. लोंढ्याबरोबर तेही वाहून जातात आणि अर्धवट शुद्ध झालेले पाणी नदीत जाते. चोंदलेल्या चेंबरपाशी शेवटी उभा केला जातो तो सफाई कामगार. २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा ठरवले आहे. उतरवण्याची वेळच येऊ नये, हे पाहणेही आपलेच काम आहे.

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसेखुर्दच्या जलाशयात येते, याबद्दल आपण वर्षानुवर्षे तक्रार करतो. ती तक्रार रास्त आहे. म्हणूनच भंडाऱ्याच्या गटाराने खाली पवनीकरांच्या पाण्यात घाणीची भर घालता कामा नये.

लोक विचारतील, मग छताचे पाणी न्यायचे कुठे? हा प्रश्न खरा आहे आणि नुसत्या दंडाने सुटणारा नाही. जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो; हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर जवळपास एक लाख लिटर पाणी जमते. ज्या जिल्ह्यात पूर्वजांनी मालगुजारी तलाव आणि बोड्या बांधून धानाच्या बांध्या जगवल्या, तिथे हे पाणी मैल्यात मिसळणे शोभत नाही. राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. आपल्याकडची बहुतेक घरे त्याहून लहान जागेवर आहेत. तामिळनाडूने २००३ मध्येच ही सक्ती सगळ्या इमारतींना लागू केली.

उंचावरच्या वस्त्यांत गाळणी लावून पाणी विहिरीत, बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात सोडता येईल. नदीकाठच्या सखल भागात मात्र श्रावणात जमीनच तुडुंब असते. तिथे शोषखड्डा चालणार नाही, वाहती नालीच हवी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, तो आपण विसरलेलो नाही. नदी चढली की नाल्यांची तोंडे तुंबतात. त्यामुळे वस्तीनिहाय पाहणी करूनच मार्ग ठरवावा.

आमच्या मागण्या अशा :

१. घरजोडणीच्या अर्जावर छताच्या पाण्याची वाट लिहून घ्यावी आणि प्रत्यक्ष पाहणीनंतरच जोडणी द्यावी.

२. गटारासाठी रस्ता खोदला की त्याच कामात पावसाळी नालीही बांधावी किंवा मोकळी करावी.

३. जुन्या चुकीच्या जोडण्या धूर सोडून शोधाव्यात. धूर छताच्या पाइपातून निघाला की जोडणी सापडते. सुधारण्यास मुदत द्यावी, गरीब घराला खर्चात मदत करावी, त्यानंतरच दंड करावा.

४. बांधकाम मिस्त्री आणि प्लंबर यांना बोलावून हे एकदा समजावून सांगावे. पाइप त्यांच्याच हाताने जोडला जातो.

रस्ता बुजवण्याआधी एक एल्बो वळवायला काही शे रुपये लागतात. नंतर तोच रस्ता फोडावा लागतो. मृग लागण्याआधी या पाहणीचा आदेश काढावा, ही आग्रहाची विनंती.

आपला विश्वासू,
भंडारा जिल्ह्यातील एक करदाता नागरिक