आवाराच्या भिंतींतील टपालपेटी

शहरांतील बंगल्यांच्या वस्तींत एक विसंगति कोणाच्याहि नजरेस येईल. आवाराची भिंत भक्कम, फाटक पोलादी, आंत बाग राखलेली, वर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी. परंतु टपाल घेण्याची सोय कांहींच नाहीं. पोस्टमननें पत्र फाटकाच्या गजांत अडकवावें, कीं भिंतीवरून आंत फेंकावें? पावसाळ्यांत तें भिजतें, उन्हाळ्यांत उडून जातें, आणि दोष मात्र टपालखात्याच्या माथीं येतो. हें सुधारणें सर्वस्वीं घरधन्याच्या हातीं आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

इंग्लंडांत १८४० पूर्वीं पत्राचें हशील बहुधा घेणाराकडून वसूल होई, व टपालवाल्यास दारांत तिष्ठावें लागे. त्या सालीं रोलंड हिल यांच्या योजनेनें आगाऊ हशिलाचें तिकीट निघालें, आणि दारास फट पाडून पत्र आंत सोडण्याची रीत पुढें रूढ झाली. आपल्याकडे १८५४ सालीं अर्ध्या आण्याचें तिकीट आलें. आपण तिकीट घेतलें, फट घेतली नाहीं. तेव्हां वाड्याचें दार दिवसभर उघडें असे, ओसरीवर कोणी ना कोणी बसलेलें असे; म्हणून अडलें नाहीं. आतां घरांतील सर्व मंडळी कामास जातात व फाटकास कुलूप असतें.

श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड सुरू झाला. ते सहा अंक पत्रास अचूक कचेरींत आणतात, तेथून पोस्टमन फाटकापर्यंत आणतो. शेवटच्या दोन हातांची व्यवस्था आपणच करावयाची आहे.

कोणी म्हणतील, आतां पत्रें येतात कोठें? खुशालीचीं पत्रें टेलिफोननें संपविलीं, हें खरें. पण उरलेलें टपाल वजनदार आहे : बँकेचें कार्ड, विम्याचा कागद, कराची नोटीस. सहीचें टपाल घेण्यास घरीं कोणी नसेल तर पोस्टमन सूचनेची चिठ्ठी ठेवून जातो. ती चिठ्ठीच उडाली तर पुढें काय? १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाचें २७ वें कलम असें, कीं योग्य पत्त्यावर हशील भरून रजिस्टर टपालानें धाडलेला कागद, उलट शाबीत न झाल्यास, पोंचला असें धरावें. न वटलेल्या चेकाची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न भरल्यास फौजदारी खटला उभा राहतो, हें व्यापारी बंधूंस सांगावयास नको.

काम लहान आहे. नऊ इंची विटांच्या भिंतींत, फाटकालगत, छातीइतक्या उंचीवर सुमारें दहा इंच रुंद फट पाडावी, म्हणजे मोठा लखोटाहि न दुमडतां जाईल. भिंत घणानें ठोकूं नये. सांधे छिन्नीनें कोरून वीट मोकळी करावी व वर फरशीचा तुकडा बसवावा. आंत पत्र्याची नळी घालून तिला आंतल्या बाजूस उतार द्यावा, म्हणजे पोस्टकार्डहि पेटींत घसरेल. फटीवर झांकण व लहानसा छज्जा, पेटीच्या तळास दोन भोकें, आणि बागेच्या बाजूनें कुलूप असावें. पोस्टमनला फाटक उघडावें लागणार नाहीं, कुत्र्याचें भयहि राहणार नाहीं.

शेवटीं मुख्य गोष्ट. पेटीवर केवळ यजमानाचें नांव असूं नये. माहेरचें नांव राखलेली सून, भाडेकरी, शिकावयास राहिलेला भाचा, यांचें टपाल 'या नांवाचें कोणी नाहीं' म्हणून परत जातें, व एखाद्याची नोकरीची संधि त्यासरशी जाते. सर्वांचीं नांवें ठळक लिहावीं, किल्ली सर्वांस मिळेल अशा जागीं ठेवावी, आणि ज्याच्या नांवाचें पत्र त्यानेंच फोडावें. वडीलधाऱ्यांनीं घरांतील टपाल आधीं आपण फोडून पाहण्याची जुनी संवय अद्याप अनेक घरांत आहे. ती सोडल्यावांचून भिंतींतील फट व्यर्थ होय. घर बांधणाऱ्या मंडळींनीं नकाशांतच पेटीची जागा धरावी, व ज्यांचीं घरें उभीं आहेत त्यांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं गवंड्यास बोलवावें, अशी आमची विनंती आहे.