ब्याण्णव म्हणजे निम्मेच

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय पाहून नातेवाइकांपैकी काही जण हसतील. हसा बापडे! मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई, टॅबलेटवर 'ओल्ड स्कूल रूनस्केप' खेळते.

खेळ केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा. आपण एक पात्र घ्यायचे आणि हजारो अनोळखी लोकांबरोबर एका काल्पनिक राज्यात लाकडे तोडायची, मासे पकडायचे, स्वयंपाक करायचा, लढायचे. जे काम कराल त्यातला अनुभव, म्हणजे एक्सपी, साठतो आणि त्या कामाची लेव्हल १ पासून ९९ पर्यंत चढत जाते. २०१३ साली त्यांनी हा खेळ २००७ च्या जुन्या प्रतीवरून पुन्हा सुरू केला, त्यामुळे चित्रे ओबडधोबड आहेत. माझ्या डोळ्यांना तीच बरी पडतात.

मला यात ओढले ते नातवाने. तो इंग्लंडात वाढलेला. फोनवर "जेवलास का? अभ्यास कसा चाललाय?" यापुढे आमची गाडी जात नसे. खेळ सुरू झाला आणि रविवारचा तास-दीड तास कसा जाई कळत नसे.

पण याने कुठूनतरी 'तासाला किती एक्सपी' असा तक्ता मिळवला. मग गोष्टी बंद, भटकणे बंद. महिनोन्‌महिने नुसती झाडे तोडणे! एके दिवशी म्हणाला, "आजी, ९२ झाले."

मी म्हटले, "वा! आता सातच राहिले की."

"नाही गं. निम्मंच झालंय."

खरेच आहे. दुसऱ्या लेव्हलला ८३ एक्सपी पुरतात. पुढे साधारण दर सात लेव्हलला आकडा दुप्पट होतो. ९२ ला ६५,१७,२५३ लागतात आणि ९९ ला १,३०,३४,४३१. त्याने त्या दिवशी खेळ मिटला तो दोन महिने उघडला नाही. आम्ही पुन्हा "जेवलास का"वर आलो. म्हणून हे लिहिते आहे.

नव्या खेळाडूंनो, लवकर पुढे जायचे ना? मग सुरुवातीला एकच काम दिवसभर करत बसू नका. क्वेस्ट करा, म्हणजे गोष्टीतल्या माणसांनी सांगितलेली कामे. लंब्रिजच्या वाड्यातल्या आचाऱ्याला ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचा असतो. त्याला अंडे, दूध आणि पीठ आणून द्यायचे. गहू तोडून पवनचक्कीत वरच्या मजल्यावर नेऊन टाकावा लागतो. तेवढ्यात गावाची ओळख होते आणि स्वयंपाकाचे ३०० एक्सपी मिळतात.

पुढे वर्गणी भरलीत तर धबधब्याचा क्वेस्ट आहे. त्यातल्या एका थडग्यात शस्त्र न घेता शिरावे लागते, लढता येत नसेल तर पळावे लागते. पण शेवटी हल्ला आणि ताकद या दोन्हींत १३,७५० एक्सपी मिळतात. म्हणजे पहिल्या लेव्हलवरून थेट तिसाव्या! तेवढ्यासाठी किती कोंबड्या माराव्या लागल्या असत्या, हिशेब करा.

वाटाड्या पुस्तिका वाचूच नका असे मी म्हणणार नाही. शाळेत मुलांना सांगत असे, आधी धडा वाचा, अडलात तरच गाइड उघडा. इथेही तेच. नुसते गाइड पाठ केलेली मुले पास होत, पण वर्षभराने त्यांना धड्याचे नावही आठवत नसे.

आणखी दोन गोष्टी. उत्तरेच्या 'विल्डरनेस'मध्ये दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात, तेव्हा गेले तरी चालेल एवढेच सामान न्या. आणि 'पैसे दुप्पट करून देतो' म्हणणाऱ्याला काही देऊ नका. मला एकाने दोनदा थोडे थोडे दुप्पट करून दिले, तिसऱ्यांदा मी सगळे दिले आणि गृहस्थ गायब! नातू पोट धरधरून हसला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

माझे मत एवढेच, की खेळ मध्येच सोडायला लावतो तो रस्ता कितीही जवळचा असला तरी लांबचाच. टिकून राहतो तोच पुढे जातो आणि गोडी असेल तोच टिकतो.

गेल्या महिन्यात नातवाने नवे पात्र काढले. अट अशी, की क्वेस्ट दोघांनी बरोबरच करायचे. परवा आमची कोलंबी जळली. मी जन्मात कधी कोलंबी शिजवलेली नाही, त्याला मात्र वाटते आजीला सगळे येते.

असो. रविवार आहे, पवनचक्कीशी वाट बघत असेल.