कॅल्शियम: खत वेगळे, संकेत वेगळा

‘कॅल्शियममुळे पिकाची ताण सोसण्याची शक्ती वाढते’ हे वाक्य फवारणीच्या अनेक उत्पादनांच्या जाहिरातींत आढळते. त्यामागे विज्ञान आहे. परंतु त्या विज्ञानातून काढला जाणारा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. या चुकीची किंमत शेतकरी मोजतो, म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी हा भेद नीट समजून घ्यायला हवा.

क्लॅमिडोमोनास हे गोड्या पाण्यात व ओलसर मातीत आढळणारे एकपेशीय हरित शैवाल आहे. त्याच्या पेशीद्रवातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण, सर्वच सजीव पेशींप्रमाणे, अत्यल्प राखले जाते. भोवतालच्या पाण्यात मीठ वाढले की पेशीच्या अग्रभागातून कॅल्शियमची एकच लाट उठते आणि पेशीभर पसरते. उलट, पाण्यातील क्षार अचानक घटले की कॅल्शियम एकामागून एक अनेक वेळा उसळते व ओसरते. बाहेरचे कॅल्शियम काढून घेऊन या उसळ्या रोखल्यास पेशी फुगून फुटते. आम्लाचा धक्का बसला तर कॅल्शियम आत शिरते आणि पेशी आपल्या दोन्ही कशाभिका टाकून देते. दूत एकच, पण निरोप तीन. अर्थ केवळ कॅल्शियमच्या प्रमाणात नसून ते केव्हा, कोठे, किती वेळा वाढते आणि किती लवकर ओसरते, यातही आहे.

वनस्पतींतही हीच भाषा चालते. सुरवंटाने अरॅबिडॉप्सिसचे एक पान कुरतडले की काही मिनिटांत कॅल्शियमची लाट दूरच्या पानांपर्यंत पोचते व तेथे संरक्षणाची तयारी सुरू होते, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

संकेत ओसरलाच नाही तर काय होते, हे कीटकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल हे कीटकनाशक अळीच्या स्नायूंतील कॅल्शियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते. साठ्यातील कॅल्शियम अनिर्बंध बाहेर पडते, अळीचे खाणे थांबते, ती लुळी पडून मरते. म्हणजेच पेशीत अधिक कॅल्शियम हे अधिक सामर्थ्य नव्हे.

कॅल्शियम हे अन्नद्रव्य म्हणून महत्त्वाचे आहे, यात वाद नाही. भुईमुगाच्या शेंगा भरण्यासाठी जिप्सम द्यावे. टोमॅटोचे फळ टोकाकडून काळे पडत असेल तर कॅल्शियम आणि पाण्याच्या पाळ्या दोन्ही तपासाव्यात. मात्र ही उणीव भरून काढण्याची उपाययोजना आहे. उणीव नसताना फवारणी करून पिकाचा ‘संकेत बळकट’ होईल, असे शैवालावरील संशोधन सांगत नाही.

जैवउत्तेजके 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली, हे स्वागतार्ह आहे. तरीही नियमनाने शेतावरील पडताळणीची गरज संपत नाही. प्रगतिशील शेतकऱ्यांनी विक्रेत्याच्या दाव्याची परीक्षा स्वतः घ्यावी. शेजारशेजारच्या तीन पट्ट्यांत अनुक्रमे ते उत्पादन, तेवढ्याच कॅल्शियमचा साधा क्षार आणि नुसते पाणी एकाच दिवशी फवारावे. शक्य असल्यास हे पट्टे शेतात दोन-तीन ठिकाणी पुन्हा घ्यावेत आणि उत्पन्न मोजावे. पहिल्या दोन पट्ट्यांत फरक न दिसल्यास जादा पैसे कशासाठी, हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्याचा अधिकार शेतकऱ्याचा आहे. तो विचारण्याचे बळ त्याला देणे हे विस्तार यंत्रणेचे काम आहे.