सरळ की तिरका?

आपल्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाने यंदा वर्गणी काढून एक स्पॉटिंग स्कोप घ्यायचे ठरवले आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : स्कोप म्हणजे एका नळीची, एकाच डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण. ती हातात धरून भागत नाही, ट्रायपॉडवर बसवावी लागते. गळ्यातली दुर्बीण आठपट किंवा दहापट मोठे दाखवते, तर स्कोप साधारण वीसपासून साठपटीपर्यंत. घ्यावा की घेऊ नये हा वाद संपला. आता वाद आहे तो सरळ घ्यावा की तिरका, याचा. सरळ स्कोपमध्ये डोळा लावायचे भिंग नळीच्या रेषेतच असते. तिरक्यात ते वरच्या अंगाला, बहुधा ४५ अंशांत वळलेले असते. पाहणाऱ्याने मान किंचित खाली घालून पाहायचे. वरकरणी हा वाद क्षुल्लक आहे. पण आपले साधन कोणासाठी आहे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

सरळ स्कोपची बाजू घेणारे एक वाक्य हमखास म्हणतात : "बंदुकीसारखा रोखला की झाले!" ही उपमा उगाच सुचलेली नाही. स्कोपची निवड कशी करावी याबद्दलचा बराचसा सल्ला परदेशातल्या शिकाऱ्यांकडून आलेला आहे. तेव्हा आधी त्यांचे म्हणणे नीट ऐकून घ्यायला हवे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हरणांच्या मागावर जाणारे वाटाडे पितळी, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची सरळ दुर्बीण वापरीत. गवतात आडवे पडायचे, दुर्बीण काठीवर किंवा गुडघ्यावर टेकवायची आणि तासन्‌तास समोरचा उतार न्याहाळायचा. या कामात त्यांची नजर इतकी तयार झाली होती की, १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅटने अशाच माणसांची 'लोव्हॅट स्काउट्स' ही तुकडी उभी केली. त्या वाटाड्याला सरळ नळीच सोयीची होती, कारण पाहणारा तो एकटा आणि त्याला नजर व नळी एका रेषेत हवी.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत आणि अलास्कात आजही शिकारी बंदुकीआधी स्कोप लावतो. तिथे नुसते जनावर दिसून चालत नाही, ते कायद्याने मारण्याजोगे आहे की नाही हे लांबूनच ठरवावे लागते. अलास्कात डॉल जातीच्या रानमेंढ्याबाबत सर्वसाधारण नियम असा की, नराच्या शिंगाने पूर्ण वेढा घेतलेला असावा, किंवा दोन्ही शिंगे टोकाशी तुटलेली असावीत, किंवा त्याचे वय निदान ८ वर्षे असावे. हे सारे दूरच्या कड्यावर उभ्या असलेल्या जनावराच्या बाबतीत पडताळायचे! साहजिकच तिथल्या शिकाऱ्यांतही दोन तट आहेत. जो मोकळ्या माळावर गाडीच्या खिडकीला स्कोप अडकवून पाहतो, तो म्हणतो सरळच बरा. जनावर पटकन सापडते आणि नळी पाठपिशवीत नीट बसते. जो दरीत बसून वरचे कडे तासन्‌तास पाहतो, तो म्हणतो तिरकाच बरा; नाहीतर मान मोडून येते. म्हणजे शिकाऱ्यांचाही एक निकाल नाही. प्रत्येकाने आपली पाहायची रीत ओळखून साधन निवडले आहे. आपण त्यांच्याकडून घ्यायचा धडा हाच.

आता आपली रीत कोणती? आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला जागाच उरली नाही. त्याआधी पक्ष्यांचा अभ्याससुद्धा बंदुकीच्या वाटेने चालत असे. डॉ. सलीम अली लहानपणी एअरगनने मारलेली एक वेगळी चिमणी घेऊन तिची ओळख पटवायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांचे आयुष्य पालटले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नावही त्या चिमणीवरूनच आहे. आज आपल्या हाती बंदूक नाही, भिंग आहे. आणि मुख्य फरक असा की, आपण एकटे जात नाही. पंचवीस-तीस जण मिळून जातो.

आपली सहल दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जाते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तिथे गाळ साचला, पाणथळ तयार झाली आणि पक्षी येऊ लागले. निफाड तालुक्यातली ही जागा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० च्या जानेवारीत जाहीर झाली. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चमचा असे पक्षी पाण्यावर असतात, पण बरेचदा इतके लांब की साध्या दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. स्कोप हवा तो यासाठी.

मागच्या खेपेला एक सरळ स्कोप उसना आणला होता. तो लावला एका उंच मुलाने, आपल्या डोळ्याच्या पातळीवर. मग रांग लागली. उंच मुले पाहून पुढे गेली. बुटक्या मुली टाचा उंचावून भिंगाशी पोचल्या, क्षणभर डोळा लावला आणि "दिसले" म्हणून बाजूला झाल्या. काय दिसले, असे मी दोघीतिघींना परतीच्या वाटेवर विचारले. एकीला आपल्याच पापण्या दिसल्या होत्या, दुसरीला काळे वर्तुळ. तरीही रांगेत कोणी "थांबा, मला दिसले नाही" असे म्हटले नाही. ज्यांच्या घरात कधी दुर्बीण आली नाही, त्यांना न दिसणे हा आपलाच दोष वाटतो. मागे वीस जण खोळंबले असताना तो दोष कोण कबूल करील?

कोणी म्हणेल, ट्रायपॉड खालीवर करावा, झाले! पण वीसपट वाढीलासुद्धा हजार मीटरवर साधारण ३५ ते ४० मीटर रुंदीचाच पट्टा दिसतो. ट्रायपॉडला हात लागला की पक्षी त्यातून निसटतो आणि शोध पुन्हा पहिल्यापासून. तीस जणांत प्रत्येक वेळी एक मिनिट जरी गेले, तरी अर्धा तास गेला; तोवर ऊन चढून पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि मग कोणत्याच स्कोपमध्ये नीट दिसत नाही. तिरक्यात ही अडचण नाही. सर्वांत बुटक्या मुलीच्या उंचीला तो एकदा लावायचा. उंच माणसाने थोडे वाकायचे. उंचाला वाकता येते, बुटक्याला वाढता येत नाही! शिवाय ट्रायपॉड खाली राहिल्यामुळे वाऱ्याने कमी हलतो. बहुतेक स्कोप कड्यातल्या कड्यात फिरवून डोळ्याचे भिंग कुशीलाही वळवता येते, म्हणजे बसून पाहणाऱ्याचीही सोय होते.

तिरक्याचे दोष नाहीत असे मी म्हणत नाही. मनोऱ्यावरून खाली पाहताना तो अवघड जातो. भिंग आभाळाकडे तोंड करून असल्याने धूळ आणि पाऊस आधी त्यावर पडतात. झाकण जवळ ठेवावे लागते. आणि पक्षी शोधणे सुरुवातीला कठीण जाते, कारण मान एकीकडे आणि नळी दुसरीकडे. यावर उपाय म्हणजे सर्वांत कमी वाढीपासून सुरुवात करायची, नळीच्या वरच्या कडेने आधी नेम धरायचा आणि सराव करायचा. पण मुळात हे शोधण्याचे काम किती जणांना करायचे आहे? एकाला. बाकीच्या एकोणतीस जणांना फक्त पाहायचे आहे. सरळ स्कोपचा गुण त्या एकाच्या उपयोगी पडतो, तिरक्याचा गुण एकोणतिसांच्या. वर्गणी मात्र तिसांनी दिलेली आहे.

म्हणून माझे मत तिरक्याच्या बाजूने आहे. स्कोप आल्यावर मंडळाने दोन साधे नियमही करावेत. ट्रायपॉडची उंची रांगेतल्या सर्वांत बुटक्या व्यक्तीने ठरवावी, आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आधी पाहू द्यावे. "दिसले का?" असे विचारण्याऐवजी "काय दिसले?" असे विचारावे. उत्तर "चोच चमच्यासारखी आहे" असे आले, तर वर्गणी कारणी लागली असे समजावे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला