'गेम' हा शब्द लपवू नका

ऑनलाइन गेमिंग कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. ती यायलाच हवी होती. पण तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार आहे: व्यवसायाच्या वर्णनात 'गेम' दिसला, की बँक हात वर करते आणि पेमेंट गेटवेही.

लोअर परळच्या एका गाळ्यात दोघा जणांनी बदली कामगारावर गेम केला आहे. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं. कायम कामगाराचा खाडा असला तर साचा मिळणार, नाहीतर परत खोलीवर. कितीही सराईतपणे खेळा, नाव पुकारलं जाईलच असं नाही. बँकेच्या प्रश्नावलीत रकाना होता, 'विजेत्यास देय कमाल रक्कम'. दोघांनी 'शून्य' लिहिलं. अर्ज परत आला. शेरा, 'माहिती अपूर्ण'. मग 'लागू नाही' लिहिलं. तोच शेरा.

खातं आणि गेटवे लागतातच, कारण गेम थेट विकण्यावाचून असल्या गेमला दुसरी वाट नाही. 'पेपर्स, प्लीज' या गेममध्ये सीमेवरच्या तपासनिसाला दिवसाच्या कमाईतून भाडं, जेवण आणि घरातली ऊब भागवावी लागते. तिथे 'जाहिरात बघा, पगार दुप्पट करा' असं बटण टाकलं तर गेम मेलाच. कंटाळा हाच कोअर लूप, म्हणजे खेळात पुन्हा पुन्हा करायची मुख्य गोष्ट, असेल, तर किंमत एकदाच आणि आधी घ्यावी लागते. कायद्यालाही ते मान्य आहे: 'ऑनलाइन सोशल गेम'च्या व्याख्येत एकदाच घेतलेलं प्रवेशशुल्क बसतं, फक्त ती पणाला लावलेली रक्कम नसावी. ऑफलाइन सिंगल-प्लेअर बिल्डचा तर या बंदीशी संबंधच नाही. व्याख्यांचं कलम 2 वाचायला शाखाधिकाऱ्याला किती वेळ लागतो?

आणि आपली गेम बनवणारी मंडळी? 'शैक्षणिक ॲप' लिहून खातं उघडून घेतात. हे ताबडतोब थांबवा. उद्या खोटी माहिती दिल्याचा ठपका तुमच्यावरच येईल आणि खरं लिहिणारा एकटा पडेल.

18 जानेवारी 1982 ला संपावर गेलेले गिरणी कामगार आज साठी-सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. गेटवरचं ते उभं राहणं खरं उतरलंय का, हे तेच सांगू शकतात. गेम त्यांच्या हातात आत्ता पडायला हवा.

नकार लेखी घ्या. बँकेकडे तक्रार करून पोच ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. परत आलेला प्रत्येक अर्ज शेऱ्यासकट आमच्याकडे पाठवा. सगळ्यांचं मिळून एकच निवेदन द्यायचं आहे, आणि त्यात 'गेम' हा शब्द पहिल्या ओळीत असेल.