फुलपाखरू नाव विचारतं

आपल्याकडे फुलपाखरू म्हटलं की बागडणारं बालपण आठवतं. नाहीतर व्यक्तिमत्त्व विकासाच्या भाषणातला तो सुरवंट, जो कोशात जातो आणि रंगीत होऊन बाहेर पडतो. उर्दू शायरीत शमेवर झेपावणारा परवाना आहे, पण तो पतंग. त्याला स्वतःविषयी प्रश्न पडत नाहीत, तो जळून मोकळा होतो. ‘पर्सोना’ या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतलं फुलपाखरू मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. ते खेळणाऱ्याला त्याचं नाव विचारतं.

अ‍ॅटलस कंपनीचा पहिला ‘पर्सोना’ १९९६ साली आला. शाळकरी मुलं ऐकीव गोष्टीवरून एक खेळ खेळतात, बेशुद्ध पडतात आणि एका वेगळ्याच जगात पोचतात. तिथे फुलपाखराच्या आकाराचा मुखवटा घातलेला फिलेमॉन भेटतो. सोनेरी फुलपाखरू हे त्याचंच रूप. त्याचा पहिला प्रश्न असा, की तुला तुझं नाव सांगता येईल का?

हे सगळं उगाच जमवलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांना आपल्या अंतर्मनात भेटलेल्या ज्ञानी वृद्धाचं नाव फिलेमॉन होतं. ‘पर्सोना’ म्हणजे लॅटिनमध्ये नटाचा मुखवटा. समाजापुढे आपण जो चेहरा धरतो, त्याला युंग यांनी हा शब्द वापरला. ग्रीक भाषेत ‘सायकी’ या एकाच शब्दाचे आत्मा आणि फुलपाखरू असे दोन अर्थ होतात. शिवाय चिनी तत्त्वज्ञ च्वांग-त्सु यांची गोष्ट आहेच. त्यांना स्वप्नात आपण फुलपाखरू झाल्याचं दिसलं. जाग आल्यावर प्रश्न पडला, मी फुलपाखराचं स्वप्न पाहणारा माणूस की माणसाचं स्वप्न पाहणारं फुलपाखरू?

२००६च्या ‘पर्सोना ३’पासून फिलेमॉन समोर येईनासा झाला. उरलं ते निळं फुलपाखरू. ‘पर्सोना ३’च्या सुरुवातीच्या दृश्यात ते उडत जातं. २००८च्या ‘पर्सोना ४’मध्ये खेळ सेव्ह करायच्या जागी ते भिरभिरतं. काही जुने चाहते म्हणतात की एवढ्या मोठ्या प्रतीकाची निव्वळ सजावट झाली. मला ते पटत नाही. फुलपाखरू गप्प झालं, पण त्याचा प्रश्न कथेत उतरला.

‘पर्सोना ४’मध्ये प्रत्येकासमोर त्याचीच सावली उभी राहते आणि त्याने लपवलेलं सगळं बोलून दाखवते. मुलं ओरडतात, ‘तू मी नाहीस!’ हे म्हणताच सावली हिंस्र होते. तिला हरवणं पुरेसं नसतं. ‘हो, तूही मीच आहेस’ असं म्हटल्यावरच ती सावली पर्सोना बनते, म्हणजे बळ बनते. भाषणातल्या सुरवंटाला कुरूपपण मागे टाकायचं असतं, इथे ते सोबत घ्यायचं आहे. मला ही दुसरी शिकवण जास्त प्रामाणिक वाटते.

२०१६च्या ‘पर्सोना ५’मध्ये निळं फुलपाखरू पुन्हा बोलू लागतं. तो आवाज असतो लावेंझा या मुलीचा. एका खोट्या देवाने तिचेच दोन तुकडे केलेले असतात. दुसऱ्याला जागं करणारीच स्वतः दुभंगलेली आहे, ही कल्पना मला फिलेमॉनच्या भारदस्त उपदेशापेक्षा जवळची वाटते.

मालिका निर्दोष आहे असं नाही. ‘पर्सोना ४’मधल्या कान्जी आणि नाओतो या पात्रांच्या निमित्ताने पुरुषपण-बाईपणाचे अवघड प्रश्न उघडले जातात आणि घाईने मिटवले जातात. स्वतःला स्वीकारलं की लगेच शक्ती मिळते, हेही खेळातच शक्य. खऱ्या आयुष्यात स्वीकार केल्यावर कधी कधी घरच्यांचा अबोलाच वाट्याला येतो.

तरीही हा प्रश्न मोलाचा आहे. आपल्याकडे कुणी नाव विचारलं की पाठोपाठ आडनाव विचारतं. त्यावरून जात, धर्म, गाव ताडलं जातं आणि घर भाड्याने द्यायचं की नाही तेही ठरतं. म्हणून कितीतरी तरुण घरी एक, कॉलेजात दुसरा आणि मोबाईलवर तिसरा चेहरा घेऊन वावरतात. तो ढोंगीपणा नसतो, अनेकदा ती गरज असते. फिलेमॉनला तुमचं खानदान जाणून घ्यायचं नाही. इतके मुखवटे चढवल्यावरही तुम्हाला स्वतःचं नाव आठवतंय का, एवढंच तो पाहतो.

मुलं गेम खेळून वाया जातात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. वेळ जातो हे खरंच. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘तू नेमका कोण आहेस?’ असं विचारून उत्तरासाठी थांबणारं घरात कुणी आहे का? नसेल, तर ते काम एका फुलपाखराने केलं म्हणून रागवायचं कशाला?